तुम्ही माझं नाव घेतलं नाही

सिस्टर,

काल मी सौंसरच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीत चढलो आणि गाडी सुटायच्या आत खाली उतरलो. बहिणीकडे जायचं होतं. खिडकीजवळची जागाही मिळाली होती. कंडक्टर तिकिटं देत मागून पुढे येत होता, आणि मला एकाएकी आठवेना की सात नंबरच्या खाटेवरच्या बाबांनी दुपारी जेवण घेतलं होतं की नुसते ताट पुढ्यात घेऊन बसले होते. दवाखान्यात फोन लावला, कुणी उचलला नाही. मग उतरलो, ऑटो केला आणि पांढुर्ण्याच्या रस्त्यावरच्या आपल्या दवाखान्यात परत आलो.

बाबा झोपले होते. भारती ड्यूटीवर होती. म्हणाली, "जेवले सर ते. मी समोर बसून होती. अर्धी पोळी उरवली, तेही लिहिलं आहे." मी स्क्रीनवर पाहिलं. लिहिलेलं होतं. तरी मी बाबांच्या कपाळाला हात लावला. ते जागे झाले आणि माझ्यावर चिडले.

तुम्ही गेल्यापासून माझं हे असं चाललंय. ड्यूटी संपवून घरी पोचतो, चपला काढतो, आणि वाटतं एखादी गोष्ट बघायची राहिली. कोणती ते आठवत नाही. तुम्ही होतात तोवर मला अशी धास्ती कधी वाटली नव्हती. मी समजत होतो, माझा स्वभावच शांत आहे. तसं काही नव्हतं. काळजी करायचं काम तुम्ही करत होतात, म्हणून माझ्या वाट्याला ते येत नव्हतं.

मी नागपूरहून नर्सिंग शिकून आपल्या ट्रस्टच्या दवाखान्यात लागलो, त्या दिवशी जो भेटला तो म्हणाला, मोठ्या सिस्टरकडे जा. मला वाटलं, तुमचं पद मोठं असेल. पद काहीच नव्हतं. तीस खाटांच्या त्या दवाखान्यात तुमच्या मागून आलेल्या दोघी-तिघी वर चढल्या होत्या आणि तुम्ही होता तिथेच होतात. 'मोठी' हे लोकांनी ठेवलेलं नाव होतं. सुलोचना हे तुमचं खरं नाव मला पगारपत्रकावर कळलं.

दुपारी दोनला पाळी बदलायची तेव्हा तुम्ही मला सोबत घेतलंत. सकाळची सिस्टर आणि दुपारची सिस्टर दोघी मिळून खाटेखाटेला जायच्या. पेशंटला त्याचं नाव विचारायचं. मग त्याच्या देखत एकीनं दुसरीला सांगायचं, झोप कशी लागली, जेवला किती, लघवी किती झाली, सलाईन कुठवर आलं. आणि निघायच्या आधी त्याला हात लावायचा. मी नवा होतो, हुशारी दाखवायची होती. म्हटलं, नाव तर चार्टवर लिहिलंय, रोज काय विचारायचं.

"आपण नावासाठी नाई विचारत बाबू," तुम्ही म्हणालात. "तो बोलते कसा, हे पाहाले विचारतो. काल नीट नाव सांगणारा आज अडखळला, तर डॉक्टरले बलवाचं."

मंगळवारी आणि शनिवारी तुमचा एक प्रश्न वाढायचा. आज उपास आहे का? जामसांवलीचं मारुतीचं देऊळ इथून जवळ. आपल्याकडे घरोघरी कुणाचा ना कुणाचा मारुतीचा शनिवार असतो. कितीतरी पेशंट आधी तिथे डोकं टेकवून मग आपल्याकडे भर्ती व्हायला येतात, आणि छुट्टी झाली की पुन्हा आधी तिथे जातात. तुम्ही पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जाणाऱ्या. पण यावरून कुणाला टोचून बोललेलं मी ऐकलं नाही. म्हणायचात, "देवाचं ज्याचं तो पाहीन. साखरेचं आपल्याले पाहा लागते."

एक गोष्ट मी तुमच्याशी कधी काढली नाही. माझ्या मोठ्या काकांना ताप डोक्यात गेला म्हणून आणलं होतं. तुम्ही पाण्याचा ग्लास त्यांच्या तोंडाशी नेला आणि त्यांनी तोंड फिरवलं. मला विचारलं, ही कोणाची? काय विचारत होते ते मला समजलं आणि तुम्हालाही समजलं. तुम्ही ग्लास माझ्या हातात दिलात. "तू पाज. त्याहिनं पाणी पेलं पाहिजे. कोणाच्या हातानं, ते मंग पाहू." मी पाजलं. काकांना काही बोललो नाही. बाहेर आल्यावर तुम्हालाही काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला, ते तुमच्या हातून गोळ्या घ्यायला लागले, आणि मी स्वतःची समजूत घातली की आता बोलायचं काही उरलं नाही. तुम्ही माझी वाट पाहिली असेल का, हे मी आता विचारतो. तेव्हा विचारलं नाही.

मग ट्रस्टचे मोठे डॉक्टर वयानं थकले, आणि ट्रस्टनं दवाखाना चालवायला नागपूरच्या एका कंपनीला दिला. भिंतींना रंग लागला. वार्डात कॉम्प्युटर आले. जी औषधं बाहेरून आणायला सांगावी लागत ती आत मिळायला लागली. हे चांगलं झालं, असं सगळ्यात आधी तुम्हीच म्हणालात. बाकीच्या सिस्टर चहाच्या वेळी कंपनीच्या नावानं बोटं मोडायच्या, तेव्हा तुम्ही उठून जायचात. मॅनेजर साहेब तिशीतले, मनापासून काम करणारे. त्यांनी मला वार्डाचा इन-चार्ज केलं. ज्यांनी मला सलाईन लावायला शिकवलं, त्यांच्यावर मी साहेब झालो. तुम्ही पेढा तोंडात टाकलात आणि म्हणालात, "आता तू ऐकून घेशीन, असं वाटून राहिलं."

मला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला नागपूरला पाठवलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. तिथे काय झालं ते मी सांगितलं नव्हतं. बदल कसा आणायचा हे शिकवत होते. एक कागद दिला आणि म्हणाले, तुमच्या स्टाफमध्ये बदलाला विरोध कोण करेल त्यांची नावं लिहा, पुढे कारण लिहा. मी पहिलं नाव तुमचं लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, जुनी सवय सोडायला तयार नाही. ते लिहिताना मला काही वाटलंही नाही. शिकवणाऱ्या बाईंनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला, छान भरलाय म्हणाल्या.

मी परत आल्यावर साहेबांनी खाटेखाटेला जाणं बंद केलं. पाळी बदलताना आलेल्या सिस्टरनं स्क्रीन वाचायची, जाणारीनं सही करून निघायचं. प्रत्येक पाळीला अर्धा तास वाचणार होता. तो वेळ पेशंटच्याच कामी येईल, असं साहेब म्हणाले आणि मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, आजही त्यातलं थोडं पटतं.

तुम्हाला पटलं नाही. नर्सिंग स्टेशनवर सगळ्यांसमोर आपलं वाजलं.

मी म्हणालो, "सिस्टर, कॉम्प्युटरची भीती सगळ्यांनाच वाटते. शिकाल हळूहळू."

"मले कॉम्प्युटरचं भेव नाई," तुम्ही म्हणालात. "पेशंटले न पाहता ड्यूटी घ्याचं भेव आहे."

"पाहू नका असं कोण म्हणतंय? फक्त तो अर्धा तास..."

"तो अर्धा तास सोडला तर दिवसभर आपण पेशंटले कुठं पाहातो? सुई पाहातो, पट्टी पाहातो."

मी हसून वेळ मारून नेली. आणि पुढच्या पंधरा दिवसांत तुम्ही माझी जी फजिती केली ती साऱ्या वार्डानं पाहिली. डबा खाऊन झाला की तुम्ही रिसेप्शनच्या पोरीजवळ जाऊन बसायचात आणि एका बोटानं टाइप करायचात. ज्यांना शिकवायला मी वेगळा वर्ग घेणार होतो, त्या सगळ्यांच्या आधी तुम्ही शिकलात. दोघींना तर तुम्हीच शिकवलंत. त्या कागदावर तुमच्या नावापुढे मी लिहिलेलं कारण किती चुकीचं होतं, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

शिकलात म्हणूनच तुम्हाला ती उणीव सापडली. इन्सुलिनची वेळ झाली की स्क्रीनवर लाल खूण यायची. सुई दिली की ती हिरवी व्हायची. पण पेशंट जेवला की नाही हे लिहायला कुठे रकानाच नव्हता. तुम्ही औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून आणलंत. सुईच्या अगोदर जेवण झालं का, उपास आहे का, हा रकाना पाहिजे. खाली सही आणि तारीख. मला देताना म्हणालात, "शनिवारी इथं अर्धा वार्ड उपासाचा रायते. हे नागपूरवाल्याले मालूम नाई. तुले मालूम आहे."

मी म्हणालो, "सुरू तर होऊ द्या सिस्टर. मग पाहू."

ती चिठ्ठी मी डायरीच्या कव्हरात सरकवली. त्या आठवड्यात साहेबांनी वरच्या लोकांसमोर माझं कौतुक केलं होतं. त्यांच्याकडे लगेच उणीव घेऊन जायचं माझ्या जिवावर आलं. एवढंच कारण होतं, सिस्टर. याहून मोठं कारण असतं तर मला सांगायला तरी बरं वाटलं असतं.

त्या शनिवारी चार नंबरला बोरगावच्या वच्छलाबाई होत्या. साखरेचा आजार, पायाला जखम. संत्र्याच्या तोडणीला जाणारी बाई, खाटेवर बसून बसून कंटाळलेली. दुपारी स्क्रीनवर लाल खूण आली. भारतीला लागून महिनाही झाला नव्हता. तिनं औषध तपासलं, मात्रा तपासली, नाव जुळवलं आणि सुई दिली. सगळं बरोबर केलं. वच्छलाबाईंनी उपास म्हणून सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि दुपारचं ताट शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नातवाला देऊन टाकलं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

मी तेव्हा स्टेशनवर साहेबांना नवा रिपोर्ट दाखवत होतो. दोनला अजून पंधरा मिनिटं होती. तुम्ही आलात, पर्स ठेवली आणि स्क्रीनकडे न जाता सरळ खाटांकडे निघालात. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ते खांदे उडवणं मला रोज आठवतं.

चार नंबरपाशी तुम्ही नाव विचारलंत. वच्छलाबाईंनी भलतंच काही सांगितलं. तुम्ही त्यांचा हात धरला आणि मान न वळवता म्हणालात, "बाबू, साखरेची मशीन आण. आन् पंचवीस टक्क्याचं ग्लुकोज." तुमचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी धावलो. त्यांच्या लुगड्याची घडी घामानं भिजली होती. मशीनवरचा आकडा फार खाली होता. तुम्ही शीर धरली. पहिल्या खेपेला सापडली. ग्लुकोज सावकाश आत सोडत तुम्ही त्यांच्याशी बोलत राहिलात, तोडणी कुठवर आली, नातीचं लग्न कुठे जमवलं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "काऊन उठवलं मले? डोळा लागला होता."

भारती भिंतीला टेकून रडत होती.

सोमवारी चौकशी झाली. साहेबांच्या खोलीत आपण चौघं होतो. साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "मला कुणाला शिक्षा करायची हौस नाही. पण वर कारण द्यावं लागेल." भारतीनं सांगितलं, स्क्रीनवर आलं ते मी केलं. साहेब म्हणाले, "पण सुई देण्याआधी विचारायला नको?"

तुम्ही म्हणालात, "पोट्टी नवीन आहे. विचाराचं तिले कोणी शिकवलं नाई. आन् स्क्रीनवर जेवणाचा रकाना नाई, हे मले आधीपासून मालूम होतं."

"मालूम होतं? मग तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

माझी डायरी माझ्या मांडीवर होती. चिठ्ठी कव्हरात होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, हेही मला पक्कं आठवतं. तुम्ही टेबलाकडे पाहत होतात. खोलीत पंखा चालू होता. मला वाटतं तुम्ही थांबलात. कुणी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवावा तेवढा वेळ थांबलात. तो वेळ माझा होता.

मग तुम्ही म्हणालात, "माह्याकडून राहून गेलं."

भारतीच्या फाइलवर निष्काळजीपणाचा मेमो लागला. तुम्हाला वार्डातून काढून ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. बाहेर आल्यावर व्हरांड्यात तुम्ही मला एवढंच म्हणालात, "तो रकाना उद्या टाकून घेजो." दुसऱ्या दिवशी मी तो टाकून घेतला. एका फोनवर काम झालं. समोरच्या मुलानं विचारलं, सर, हे आधी का नाही सांगितलं?

तुम्ही माझं नाव का घेतलं नाही, हे मी किती प्रकारांनी विचार करून पाहिलं. कधी वाटतं, मला काढलं असतं तर तो रकाना टाकून घ्यायला कुणी उरलं नसतं, असा तुमचा हिशेब होता. कधी वाटतं, तुम्हाला माझी कीव आली. आणि कधी वाटतं, तुम्ही मला बोलायला जागा करून दिली होती आणि मी ती वापरली नाही. हे शेवटचं खरं असलं तर फार वाईट आहे. तुम्ही असतात तर विचारून मोकळा झालो असतो. पण होतात तेव्हा विचारलं कुठे?

ड्रेसिंगच्या खोलीत तुम्ही पावणेदोन वर्षं काढली. मी रोज एकदा तरी यायचो, काहीतरी निमित्त काढून. तुम्ही कुणाच्या पायाची पट्टी सोडत असायचात. आपला जुना वाद चालूच राहिला, मात्र आता आवाज खाली आला होता. मी म्हणायचो, आता रकाना आहे, आता तसं होणार नाही. तुम्ही म्हणायचात, "आज उपासाचा टाकला. उद्या कोणी लेक रुसली म्हणून जेवणार नाई, परवा कोणाच्या घरी मयत झाली म्हणून. किती रकाने टाकशीन?" मी म्हणायचो, तीस खाटांचा दवाखाना माणसांच्या आठवणीवर चालवता येत नाही. "आठवणीवर कोण म्हणते? डोळ्यानं पाहा म्हणून राहिली मी." तिथे दरवेळी कुणीतरी पेशंट यायचा आणि वाद अर्धा राहायचा. आता तो तसाच राहिला. तुमची बाजू मला पाठ आहे, पण त्यात तुमचा पुढचा मुद्दा काय असता ते मला सुचत नाही.

भारती तुमच्याकडे रोज डबा खायला यायची. वार्डात तिच्याकडून सुई घ्यायला पेशंट कुरकुरायचे. नातेवाईक एकमेकांना सांगायचे, ही तीच. मी ऐकायचो. दर आठवड्याला ठरवायचो, या सोमवारी साहेबांना सांगू, आधी सिस्टरशी बोलू.

त्या गुरुवारी सकाळी तुमच्या सुनेचा फोन आला. सासूबाई चहा पिता पिता कलंडल्या, बोलता येत नाही. आपल्याकडे आणलं तेव्हा तुमचा उजवा हात लोंबत होता. डॉक्टरांनी तपासून लगेच नागपूरला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी तुमच्याशेजारी बसलो, पायाशी तुमची सून. सौंसर मागे पडलं, बागा मागे पडल्या. तुमचे डोळे उघडे होते. मी विचारलं, "सिस्टर, तुमचं नाव काय?" तुम्ही ओठ हलवलेत, आवाज आला नाही. पण डाव्या हातानं तुम्ही माझं मनगट पकडलंत आणि बोटं नाडीवर नेलीत. सवयीनं असेल. माझी नाडी धावत होती, ती तुम्हाला कळली असणार.

सांगायचं होतं ते तेव्हा अगदी ओठांवर होतं. सून समोर होती म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे, तुम्हाला उत्तर देता येणार नव्हतं आणि अशा माणसापुढे माफी मागणं मला फार सोपं वाटलं. आता वाटतं, सोपी तर सोपी, मागायला हवी होती.

नागपूरला कॅज्युअल्टीत त्यांनी तुमची फाइल मागितली. मी फाइल दिली आणि तरीही तुमच्या स्ट्रेचरजवळ उभा राहून तोंडानं सगळं सांगितलं. नाव सुलोचना, वय सत्तावन्न. सकाळी साडेसातला चहा पिताना त्रास सुरू झाला, त्याआधी ठीक होत्या. पोटात अर्धा कप चहा आहे, बाकी काही नाही. बीपीची गोळी कालची घेतलेली, आजची नाही. वाटेत एकदा उलटी. डावा हात हलवतात, ऐकू येतं, समजतं, तर त्यांच्यासमोर जपून बोला. तिथली सिस्टर तरुण होती. ती थांबून ऐकत होती. शेवटी तिनं तुमच्या कपाळाला हात लावला. मी सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी तुम्ही गेलात.

पुढच्या सोमवारी मी साहेबांकडे गेलो. ती चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली. पावणेदोन वर्षांत तिच्या घड्या विरल्या होत्या. साहेबांनी वाचली, सहीखालची तारीख पाहिली, पुन्हा वाचली. "प्रशांतजी, हे तेव्हा तुमच्याकडे होतं?" मी हो म्हणालो. त्या खोलीत होतं, डायरीत होतं, माझ्या मांडीवर होतं. त्यांनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "आता सांगून काय उपयोग? त्या तर गेल्या."

मी म्हणालो, "भारती आहे."

मी तिचा मेमो काढायला सांगितलं. आणि पाळी बदलताना खाटेखाटेला जाणं परत सुरू करा म्हणालो, स्क्रीन राहू द्या, दोन्ही राहू द्या. साहेब म्हणाले, मेमोचं वर कळवतो, खाटांचं तीन महिने करून पाहू. माझ्यावर काय कारवाई करायची तेही वर ठरेल. अजून काही ठरलं नाही. रोज सकाळी टेबलावर लिफाफा आहे का बघतो. नसला की सुटल्यासारखं वाटत नाही, उद्यावर गेलं असं वाटतं.

भारतीला मी स्टोअरमध्ये नेऊन सांगितलं. तिनं ऐकलं. म्हणाली, "मोठ्या सिस्टरनं मले सांगतलं होतं." मी विचारलं, कधी? "पहिल्याच हप्त्यात. म्हणे, सर एक दिवस स्वतः सांगतीन. तू तोवर कोणाले बोलू नको." पावणेदोन वर्षं ती पोरगी माझ्या हाताखाली काम करत होती, मला सर म्हणत होती आणि वाट पाहत होती. मला तिच्याकडे बघवेना. ती कापसाची बंडलं मोजायला लागली.

आणि आज सकाळी वच्छलाबाई आल्या. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. साखर तपासायची म्हणून बोरगावहून आल्या आणि सरळ ड्रेसिंगच्या खोलीत गेल्या. तिथून माझ्याकडे.

"मोठी सिस्टर कुठं गेली? तिच्यासाठी संत्रे आणले."

मी त्यांना बाकावर बसवलं आणि सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी मशीन आणली, सुई काढली, त्यांचं बोट पुसलं. आणि तिथे, ओपीडीत, दहा-पंधरा माणसं आजूबाजूला असताना मी म्हणालो, "बाई, त्या शनिवारी तुमची साखर उतरली होती ना, ती चूक भारतीची नव्हती. मोठ्या सिस्टरनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, मी केलं नाही. चूक माझी होती."

माझा आवाज मोठा निघाला. बाकावरची माणसं बघायला लागली. वच्छलाबाईंनी पदर खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात वस्तू घेण्याआधी पाहतात तसं.

मग त्यांनी बोट माझ्या हातातून काढून घेतलं.

"मंग तू नको टोचू," त्या म्हणाल्या. "त्या पोरीले बलाव."

मी भारतीला बोलावलं. ती आली. तिनं हात धुतले, वच्छलाबाईंसमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "नाव सांगा आई तुमचं." त्यांनी सांगितलं. "सकाळपासून काय खाल्लं?" त्यांनी तेही सांगितलं, भाकर, भाजी, अर्धा कप चहा. मग त्यांनी आपण होऊन बोट तिच्यापुढे केलं. भारतीनं सुई टोचली. थेंब आला. तिचा हात अगदी स्थिर होता.

मी बाजूला उभा राहून बघत होतो, सिस्टर. मला कुणी जा म्हणालं नाही.